चांगुणाचा दोर

नदीवर पूल नव्हता, पलीकडे जायचं तर तराफ्यावर बसून जावं लागे, त्या फार जुन्या काळी आसरखेडला चांगुणा नावाची मुलगी होती. तिचा बाप भिवा दोर वळायचा. घायपाताचा वाख, म्हणजे त्याच्या पानांचे धागे, खुंटीला बांधायचा आणि पीळ देत देत मागे चालत जायचं, असं ते काम. तराफ्याचा दोर त्यांचा, गावच्या विहिरीचा दोरही त्यांचाच. पण त्या विहिरीवर चढायची त्यांना बंदी होती.

एकदा चांगुणानं विचारलं, "आबा, सगळी माणसं पुढं चालत्यात. आपुनच का मागं?"

"मागं चालताना तोंड कुणाकडं असतं, ते बघ की."

"खुंटीकडं."

भिवा हसला. "मग तुला अजून दोर वळता येत न्हाई."

ते तिच्या मनाला लागलं. ज्या विहिरीत आपला दोर उतरतो, तिचं पाणी आपल्याला कुणीतरी लांबून ओतायचं. मग हे मागे मागे चालणं कशासाठी? ती गाव सोडून गेली. असं म्हणतात, की ती विणकरांकडे राहून विणायला शिकली, वैदूंकडे मुळ्या ओळखायला शिकली, डोंगरापलीकडच्या मठात अक्षरंही शिकली. सगळं हातात बसलं. मनात काही बसेना.

इकडे भिवा वारला. दोर वळायला हात लावणं गावाला कमीपणाचं वाटे. म्हणून तराफ्याचा दोर तुटला की गाठ मारायची, पुन्हा तुटला की पुन्हा गाठ.

बाप गेल्याचं कळून चांगुणा परतली, त्या दिवशी नदीला लोंढा आला होता. बाजाराहून येणाऱ्या माणसांनी भरलेला तराफा मधोमध होता, काठावरचे गडी दोर ओढत होते, आणि एक गाठ सुटली. दोराचं टोक पाण्यात जाणार, इतक्यात चांगुणानं ते धरलं.

काठावरच्या झोपडीपुढे भिवाचा वाख तसाच पडला होता. तो तिनं टोकाला जोडला आणि पीळ देत ती मागे चालू लागली. तराफा जितका वाहत गेला, तितका दोर लांबत गेला. वाख संपला, तिनं पदर फाडला. पदर संपला, तिनं केस सोडले आणि त्यांचा पेड घातला. असं म्हणतात, की ते केस संपलेच नाहीत. ती डोंगर चढत गेली आणि खडक तिच्या टाचांखाली लोण्यासारखा मऊ झाला.

समोर खुंटी नव्हती. समोर माणसं होती. पोराला छातीशी धरलेली गुरवीण होती, डोळे मिटून बसलेला आंधळा धोंडजी होता. चांगुणाला बापाचं हसणं तेव्हा कळलं.

"नुसतं बघताय काय?" ती वरून काठावरच्यांना ओरडून म्हणाली. "धरा. पीळ सुटू देऊ नका."

तिची सावली टाळणारे सगळे तिच्या केसांच्या दोराला लोंबकळले. तराफा वळला आणि काठाला लागला.

तुला काय हवं, असं पाटलानं विचारलं.

"विहिरीचा दोर मी वळीन," ती म्हणाली. "पण ओढणार बी मीच."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर चढून पहिली घागर तिनंच ओढली.

आता पूल झाला, विहिरीवर मोटार बसली. डोंगरावर टाचांचे खळगे अजून आहेत. दरवर्षी सारा गाव मिळून एक दोर वळतो आणि मागे चालत डोंगर चढतो. शाळेत निघालेलं पोर असो, नवी सून असो की नोकरीला निघालेला तरुण, हातात वाख द्यायच्या आधी त्याला विचारतात, "तोंड कुणाकडं आहे?"

उत्तरात माणसाचं नाव यावं लागतं. "खुंटीकडं" म्हणणाऱ्याला हसून बाजूला बसवतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारतात.