बगळेआजोबांचं व्याख्यान

फार पूर्वी तळ्याकाठी सशांची पोरं बेलफळाने फुटबॉल खेळत, आणि रोज कुणाचा तरी पाय मुरगळे. महिन्याभरानंतर एक जरी लंगडत आला तरी खेळ बंद, असं आयांनी बजावलं.

तेव्हा विद्वान म्हाताऱ्या बगळ्याने खेळाआधी घोट्यांवर व्याख्यान द्यायला घेतलं. आपलं काही चुकत तर नाही ना, या धास्तीने तो प्रत्येक वाक्य दोनदा सांगे. कंटाळलेली पोरं त्याची नक्कल करत एका पायावर उभी राहत.

महिनाभरात मुरगळणं थांबलं. बगळ्याने भीतभीत विचारलं, "माझा कोणता मुद्दा उपयोगी पडला?"

"मुद्दा आठवत नाही, आजोबा," टिपक्या ससा म्हणाला, "पण तुमच्यासारखं उभं राहून घोटे घट्ट झाले."

"मग उद्या बोलू की नको?"

"बोला की. पण आधी पाय वर घ्या."