खंडेनवमीची पाच मिनिटं

“बंद किती वरसं हुती, सायेब?”

“बंद नव्हतीच,” सर्जेराव म्हणाले.

बाबालाल मिस्त्रींनी मान वर केली.

“अकरा वर्षं या शेडमध्ये आहे. पण बंद नाही. दर खंडेनवमीला मी स्वतः धुतली, हार घातला, नारळ फोडला आणि सुरू केली. घड्याळ लावून पाच मिनिटं. एक वर्ष चुकलेलं नाही.”

हे सांगताना त्यांची छाती पुढं आली होती. साखर कारखान्यात तीस वर्षं चीफ इंजिनिअर म्हणून हुकूम सोडलेला माणूस. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी शेडमधल्या पान्यांनासुद्धा त्यांच्यासमोर शिस्तीत पडून राहावं लागे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशातली गत.

मिस्त्री स्टुलावर बसले.

समोर ती गाडी होती. लाल रंगाची, दोन माणसांपुरती, जमिनीला पोट टेकवून बसलेली स्पोर्ट्स कार. सर्जेरावांच्या एकुलत्या एका मुलाची, शंतनूची. त्यानं ती भंगारातून आणली, दोन वर्षं खपून उभी केली आणि पन्हाळ्याच्या घाटात शर्यती लावत फिरू लागला. एक दिवस सर्जेरावांनी किल्ली काढून घेतली आणि अंगणात उभं राहून, शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात सांगितलं, “या घरातनं एक तर ही गाडी जाईल, नाहीतर तू.”

गाडी राहिली.

शंतनू ऑस्ट्रेलियात गेला, पर्थला. तेव्हापासून बापलेकांत वर्षातनं एकदाच फोन व्हायचा. खंडेनवमीला सर्जेराव गाडी सुरू करायचे, पर्थचा नंबर लावायचे आणि फोन बॉनेटपाशी धरायचे. “ऐक. चालू आहे.” पाच मिनिटं झाली की गाडी बंद, फोनही बंद. ‘चुकलो’ हा शब्द जन्मात त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. तो इंजिनाकडून वदवून घ्यायचा बेत होता.

यंदा खंडेनवमीला इंजिन एकदा कण्हलं आणि अडकलं ते अडकलंच. फोन झाला नाही. पर्थहूनही आला नाही. महिना उलटून गेला. दोन गॅरेजवाले येऊन बघून गेले आणि भंगारात घाला म्हणाले. सर्जेरावांना जेवण जाईना. गाडी सुरू झाल्याशिवाय पोराला फोन करायचा तरी कोणत्या तोंडानं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

शेवटी कुणीतरी बाबालाल मिस्त्रींचं नाव सांगितलं. ऐंशी पार केलेले. कोल्हापुरात संस्थानाच्या काळातल्या गाड्या ज्यांच्या हाताला ओळख द्यायच्या, असा माणूस. आता हात थरथरायचे, म्हणून पाना धरत नसत. रिक्षातनं उतरतानाच त्यांनी अट घातली होती.

“मी हात लावनार न्हाई. हात तुमचं, डोळं माजं.”

सर्जेरावांनी बाह्या वर केल्या होत्या.

“तेलाचं झाकन काढा,” मिस्त्री म्हणाले.

सर्जेरावांनी झाकण फिरवून काढलं.

“उलटं करून बघा.”

झाकणाच्या पोटाला पिवळट पांढरा थर चिकटला होता. ताकावर लोणी येतं तसा.

“हे काय?”

“पानी.”

“पाणी कुठून येईल? शेड गळत नाही. मी स्वतः…”

“भाईरनं न्हाई आलं, सायेब. आतच झालं.”

मिस्त्री स्टुलावर नीट सरकून बसले. बोलायला त्यांना दम लागत होता.

“थंड विंजिन चालू केलं की त्येच्या पोटात घाम सुटतो. अर्धा तास रस्त्यावर पळवलं, चांगलं तापलं, की त्यो घाम वाळतो. पाच मिंटात बंद केलं तर…”

“तर?”

“तर तसाच ऱ्हातो. आन् आतनं गंज धरतो.”

सर्जेरावांनी झाकण हातात घट्ट धरलं. वाफ, दाब, पाणी, लोखंड. तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. कारखान्यातल्या एखाद्या पोरानं अशी चूक केली असती तर त्यांनी त्याला दारातनं बाहेर काढलं असतं. आणि इथं, हार घालून, नारळ फोडून…

“मी हात लावला नसता तर?”

“प्लगच्या भोकातनं तेल पाजून, वर फडकं टाकून सोडून दिली असती, तर आज उटली असती.”

“म्हणजे ती बंद राहिल्यानं…”

“बंद ऱ्हाऊन न्हाई मेली, सायेब. चालू करून मेली.”

सर्जेराव हसले. ते हसणं बरं नव्हतं.

“मेली काय! लोखंड आहे ते. अडकलेलं लोखंड जोरानं सुटतं.”

त्यांनी कोपऱ्यातला मोठा पाना उचलला. इंजिन फिरवणाऱ्या क्रँकच्या बोल्टावर बसवला. त्याच्या दांड्यात चार फुटी पाइप घातला, पाय रोवले आणि मिस्त्रींकडं बघितलं. नको म्हणतील, थांबवतील, असं त्यांना वाटलं असावं.

मिस्त्री म्हणाले, “लावा जोर.”

सर्जेरावांनी जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या. चाळीस-पंचेचाळीसचं वय असतं तर ठीक होतं, पण ते चौसष्टचे होते आणि महिनाभर धड जेवले नव्हते. तरी त्यांनी सोडलं नाही. सगळं अंग पाइपवर टाकलं.

कड् असा आवाज झाला.

पाइप एकदम सैल पडला आणि सर्जेराव गुडघ्यांवर आपटले. पान्यात बोल्टाचं डोकं तुटून आलं होतं. इंजिन केसभर हललं नव्हतं.

ते उठले नाहीत. तिथंच फरशीवर, तेलाच्या डागात बसून राहिले. आणि मग त्यांना रडू आलं. चीफ इंजिनिअर सर्जेराव खर्डेकर एका परक्या म्हाताऱ्यासमोर तोंड न झाकता रडले. एवढं वाईट त्यांना पोरगा गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं, कारण त्या दिवशी राग सोबतीला होता. आज तोही नव्हता.

मिस्त्रींनी त्यांना रडू दिलं.

मग विचारलं, “पोरगं काय म्हनायचं?”

“कधी?”

“फोनवर. विंजिन ऐकून.”

सर्जेरावांनी मनगटानं डोळे पुसले.

शेडमध्ये पत्रा तापून तडतडत होता. बाहेर कुणाची तरी मोटरसायकल येऊन गेली.

“काहीतरी म्हणायचा,” ते हळू म्हणाले. “दरवेळी काहीतरी म्हणायचा. बाबा… बाबा, असं म्हणायचा. पुढचं…”

“पुढचं?”

“ऐकू यायचं नाही. इंजिन सुरू असायचं ना.”

“अकरा वरसं?”

सर्जेरावांनी मान डोलावली.

“बंद केल्यावर इचारायचं हुतं.”

“गाडी बंद केली की फोनही ठेवायचो मी…” ते फरशीकडं बघत म्हणाले. “भीती वाटायची, मिस्त्री. तो काय म्हणेल याची.”

पहिल्यांदाच त्यांनी हे कुणाला सांगितलं होतं. स्वतःलाही.

मिस्त्री गुडघ्यावर हात देत उठले. गाडीपाशी गेले. दोन्ही थरथरते हात बॉनेटवर ठेवले आणि झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालावं तितक्या बेतानं ते खाली आणलं. हात लावणार नाही म्हणाले होते, तरी लावला.

“काही होणार नाही का हिचं?” सर्जेरावांनी विचारलं. “काहीच?”

“न्हाई.”

“एकदा… फक्त एकदा आवाज निघाला तरी…”

“न्हाई, सायेब.”

सर्जेराव भिंतीला टेकले. हातातलं बोल्टाचं डोकं कुठं ठेवावं तेही त्यांना सुचेना.

“संपलं, उस्ताद,” ते म्हणाले. “पोराला ऐकवायला माझ्याकडं आता काहीसुद्धा उरलं नाही…”

मिस्त्री दाराकडं निघाले होते. ते उंबऱ्यात थांबले.

“मग लावा की आता फोन.”