विरजणाचं वजन

राजा भूपालदेवाने हुकूम काढला. विद्यापीठाला दरवर्षी एवढं अनुदान जातं, त्यातून विद्या किती निघते ते मोजून दाखवा.

मोजायला त्र्यंबकपंत नेमले. पंतांनी मापं ठरवली: ग्रंथांचं वजन, मिळालेल्या शाली आणि नव्या युक्त्या.

विद्यापीठ लगेच सुधारलं. पंडित जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहू लागले. रोज संध्याकाळी एकमेकांचा सत्कार करू लागले. शाल एकच होती, ती फिरत राहिली. एकाने जुन्या नांगराला घुंगरू बांधलं आणि ती नवी युक्ती ठरली. पंत खूश, राजा खूश.

मागे राहिले ते एकटे नागनाथशास्त्री. विहिरीचं पाणी उपसायची, एकाच बैलाला ओढता येईल अशी मोट ते बनवत होते. ग्रंथ नाही, शाल नाही, मोट अर्धी. पंत रोज येत, मोट सुटी करायला लावत, किती झाली ते मोजत आणि निघून जात. शास्त्रीबुवांचा उरलेला दिवस ती परत जोडण्यात जाई.

शेवटी राजाने त्यांना दरबारात उभं केलं आणि तराजू मागवला.

"तुमची विद्या या पारड्यात घाला. दिवेलागणीपर्यंत काटा हलला नाही, तर राज्य सोडा."

मुदपाकखान्यात दूध-दही घालायला आलेली येसू दारातच थांबली. ती गवळ्याची मुलगी. त्यांचा एक बैल उन्हाळ्यात गेला होता. उरलेल्याला एकट्याने मोट ओढवेना आणि म्हशी तहानेल्या होत्या. शास्त्रीबुवा गेले, की ती नवी मोटही गेली.

"महाराज, मी तोलून दाखवते."

"तू कोण गं?"

"येसू. तुम्ही रोज खाता ते दही माझं."

"दही बरं असतं," राजा म्हणाला. "पण विद्या तोलशील कशी?"

"संध्याकाळी सांगते. आत्ता दोन गाडग्यांत दूध विरजते. एक पंतांकडे द्या. दही किती झालं ते त्यांनी मोजत राहायचं. दुसरं मी झाकून ठेवते."

"मोजण्यात माझा हात कोण धरणार?" पंत म्हणाले.

"म्हणून तर तुम्हाला दिलं, पंत."

पंत दिवसभर गाडग्याशी बसले. घटकेघटकेला पळी घालत, ढवळत, वर काढून बघत आणि पुन्हा ओतत. येसूने आपलं गाडगं फडक्याने झाकलं आणि ती म्हशींकडे गेली.

दिवे लागले. येसूने आपलं गाडगं दरबारात उपडं धरलं. थेंब सांडला नाही. पंतांचं उपडं केलं, तर आंबूस पाणी आणि गाठी पंतांच्याच जोड्यांवर पडल्या.

"महाराज, दुपारी माझ्या गाडग्यात दही किती होतं?"

"दुपारी कुठलं दही?"

"मग दुपारी मोजलं असतं, तर तुम्ही ते गटारात ओतलं असतं."

राजाने मिशीवर हात फिरवला. तो हट्टी होता.

"ते असू दे. मी वजन मागितलं होतं. शास्त्रीबुवांच्या विद्येचं वजन सांग."

येसूने दह्याचं गाडगं तराजूशेजारी ठेवलं.

"सकाळी यात चमचाभर विरजण घातलं होतं. तेवढं वेगळं काढून द्या, महाराज. ते तोललं की त्याच तराजूत शास्त्रीबुवांची विद्या तोलते."

राजाने गाडग्यात पाहिलं. मग पंतांकडे. मग पंतांच्या जोड्यांकडे. आणि तो असा हसला की तराजूची पारडी हलली.

"काटा हलला," येसू म्हणाली.

राजाने डोळे पुसले. "शास्त्रीबुवा, हवा तेवढा वेळ घ्या. पहिली मोट या पोरीच्या विहिरीवर बसेल. तोवर जुन्या मोटेला बैलजोडी माझ्याकडून आजच ने गं. आणि पंत, मोट पुरी होईपर्यंत तिकडे फिरकायचं नाही."

पंत कळवळले. "पण महाराज, ती पुरी झाली हे मला कळणार कसं?"

राजाने येसूकडे पाहिलं.

"पाणी येईल, पंत," येसू म्हणाली. "जोडे काढून या."