मोडलेलं फेकायचं गाव

"ऐका हो ऐका! आजपासून नांदखेडात कोणी काही दुरुस्त करायचं नाही! मोडलं की फेकायचं, नवं घ्यायचं!"

दवंडी ऐकून मंजुळा भर रस्त्यात थांबली. जात्याचे दगड झिजून गुळगुळीत झाले की छिन्नी-हातोडीनं टाकी लावून ते पुन्हा दळते करायचे, हा तिचा धंदा. दवंडीचं शेपूट तर तिच्यासाठीच होतं. कल्हईवाले, धारवाले, खाटा विणणारे, टाकी लावणारे, जे कोणी जुनं-मोडलं सांधून देतात त्यांनी येत्या बाजारापर्यंत गाव सोडावं!

झालं होतं असं. गावाची भरभराट व्हावी म्हणून उदाजीराजांनी कमानींची दगडी पेठ बांधली. तिथली सगळी दुकानं नगरशेठ विसाशेठनं घेतली. पण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा शेठनं महाराजांचे कान भरले. "इथं काही टाकूनच देत नाहीत, महाराज! घागर गळली की डाग देतात, सुरी बोथटली की धार लावतात. हे दुरुस्तीवाले आहेत तोवर व्यापार वाढायचा कसा?"

महाराजांना पटलं. भरभराटीचा इतका सोपा उपाय त्यांना आजवर कोणी सांगितला नव्हता.

मंजुळा तडक दरबारात गेली. महाराज नेहमीच्या ऐटीत मिशीला पीळ देत होते, उजवं कोपर चांगलं वीतभर बाहेर काढून. ती ऐट साऱ्या दरबारानं उचलली होती. प्रधान, फौजदार, विसाशेठ, सगळ्यांची कोपरं बाहेर. त्यामुळं रांगेत उभं राहिलं की एकमेकांना ढोसे बसत. पण मागे कोण हटणार?

"महाराज, आम्ही जायचं कुठं?"

"नवं काहीतरी शीक, बाई. त्या हातोडीचा दांडाही फुटलाय तुझ्या. तीसुद्धा नवी घे!"

मंजुळानं हातोडी पदराआड घेतली. "दांड्याला सुतळी आमच्या मालकांनी गुंडाळलीय, महाराज. जायच्या आदल्या वर्षी. नवी घेतली तर तिला ती कुठली असायला?"

महाराजांनी खाकरून घसा साफ केला.

"बरं, तुला एक संधी देतो. या वाड्यात एकदा मोडून सांधलेली, आणि नवी मिळाली तरी मी बदलून घेणार नाही अशी एक वस्तू दाखव. दवंडी मागे घेईन. बाजाराच्या दिवशी ये. मात्र या दरबाराच्या पलीकडे, आतल्या वाड्यात पाऊल टाकायचं नाही!"

"आणि नाही दाखवता आली तर त्याच दिवशी वेशीबाहेर!" शेठनं जोडून दिलं.

शेठ कच्च्या गुरूचा चेला नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्यानं वाडा धुंडाळला. डाग दिलेली घंगाळं, सांधलेले चौरंग, रफू केलेल्या शाली, सगळं बाहेर काढलं आणि आपल्या दुकानातून नवंकोरं आत भरलं. नवा पलंग रात्रभर कुरकुरायचा. नव्या भांड्यांना कल्हई नव्हती, त्यामुळं कढी कळकायची. महाराज कढी बाजूला सारायचे आणि म्हणायचे, "भरभराट म्हटली की एवढं चालायचंच!"

बाजाराचा दिवस उजाडला. कल्हईवाल्यांनी भाते गाढवांवर लादून ठेवले होते. मंजुळा काय करते, एवढंच बघायचं होतं.

"आण बाई तुझी वस्तू!" शेठ कोपर बाहेर काढून म्हणाला. "वाड्यात आता सांधलेला चमचासुद्धा सापडायची नाही!"

"वस्तू मी आले त्या दिवशीच पाहिली, शेठजी. महाराज, रागावणार नसाल तर एक विनंती. कोपर अंगाला चिकटवून मिशीला पीळ देऊन दाखवा."

दरबार चमकला. महाराजांनी हात उचलला. कोपर बाहेर गेलं. आत घेतलं, तर बोटं हनुवटीपाशीच अडली! शेजारी प्रधानजींनी नकळत करून पाहिलं, त्यांना सहज जमलं. फौजदारांनाही जमलं. इतक्या वर्षांची ऐट सगळ्यांनी गुपचूप खाली घेतली.

"ही ऐट नाही, महाराज. सांधा आहे. दगडाला चीर कुठं गेलीय हे लांबून ओळखायची सवय असते आम्हांला. हात कधी मोडला होता?"

महाराजांनी आपलं उजवं कोपर चाचपलं. "नवव्या वर्षी," ते हळूच म्हणाले. "चिंचेवरून पडलो होतो. रायाप्पा म्हणून हाड बसवणारा होता, त्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. महिनाभर रोज यायचा, गोष्टी सांगायचा... कुठं असतो तो हल्ली?"

"काल गाव सोडून गेला, महाराज. मोडलेलं सांधणाऱ्यांत त्याचंही नाव होतं. आज वेशीवर गर्दी होईल म्हणून आदल्या दिवशीच निघाला."

मंजुळा शेठकडे वळली.

"शेठजी, महाराजांचा हात मोडलेला निघाला. आता फेकायचा ना? नवा आहे का दुकानात?"

आणि उदाजीराजे असे हसले, असे हसले, की नवं सिंहासन कुरकुरलं आणि त्याचा एक पाय निखळून गडगडत शेठच्या पायाशी गेला!

"स्वारांना पाठवा! रायाप्पाला पालखीतून आणा! दवंडी रद्द! आणि शेठ, माझी जुनी भांडी परत पाठव, आज कढी प्यायचीय मला. बोल मंजुळा, नव्या पेठेतलं कोणतं दुकान देऊ तुला?"

"दुकान नको, महाराज. आम्हां सगळ्यांना मिळून शेठजींच्या दुकानाची पायरी द्या."

"पायरी? ती कशाला?"

मंजुळानं खाली पडलेला सिंहासनाचा पाय उचलून पदरानं पुसला.

"शेठजींचा माल घेऊन लोक तिथूनच उतरतात ना!"