न प्यायलेला चहा

आमच्या सायबर सुरक्षा खात्याच्या नाचणे मॅडम निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण पाचगणीची ती बैठक अजून डोळ्यांसमोर आहे. सायबर हल्ल्यांविरुद्ध एकत्र यायला सात देश जमले होते. एका बड्या देशाचे साहेब ऐटीत म्हणाले, "हल्ल्याची खबर कुणालाही लागली, तरी ती फक्त आम्हाला कळवायची. आम्ही तपासू आणि योग्य वाटलं तर इतरांना सांगू."

साहेबांनी चहाचा कप उचलला, तशा मॅडम शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुमच्या कपाबद्दल एक खबर लागली आहे."

कप ओठांपाशीच थांबला. "काय पडलंय त्यात?"

"ते मी बैठकीच्या अध्यक्षांना कळवते. ते तपासतील आणि योग्य वाटलं तर तुम्हाला सांगतील."

"अहो, पण तोवर मी करू काय?" साहेबांनी कप तसाच धरून विचारलं.

"चहा चांगला आहे, खुशाल प्या," मॅडम म्हणाल्या. "पण तुमच्या नियमाने उद्या आमची वीजकेंद्रंही अशीच कप हातात धरून बसतील."

ती अट त्याच दुपारी गेली. आता खबर सातही देशांना एकदम जाते. ती पडद्यावर उमटली की मला मॅडम आठवतात, आणि साहेबांनी शेवटपर्यंत न प्यायलेला तो चहाही.