पाठीचं कवच

"पण पाठीवर लिहिता येतो ना मंत्र? एवढंच सांगा, आचार्य."

अजर पादंग अळकुड्या सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आचार्य..."

"ऐकू येतंय मला. बहिरा नाही झालो अजून."

जावा बेटावर, नदीच्या वरच्या डोंगरात, एका झऱ्यापाशी हे म्हातारे तपस्वी राहायचे. अशा तपस्व्याला तिकडे अजर म्हणत. समोर उभा होता तो त्यांचा जुना शिष्य, केबो तारुण. केबो म्हणजे रेडा. तिकडच्या सरदारांना असलं नाव मोठ्या मानाचं वाटे, आणि या सरदाराला तर ते शोभतही होतं.

रीत अशी होती की लढाईला निघण्याआधी सरदाराने आपलं कवच गुरूकडे न्यायचं आणि त्यावर मंत्र कोरून घ्यायचा. साधे शिपाई उघड्या अंगानेच लढत. कमरेला कापड, हातात भाला, झालं. कवच फक्त सरदाराला, आणि तेही छातीपुरतं. पुढे कांस्याचा जाड पत्रा, मागे चामड्याच्या वाद्या.

केबोच्या छातीच्या पत्र्यावर अजरांनी मंत्र केव्हाच कोरून दिला होता. मग हा खांद्यांसाठी कांस्याचे खवले घेऊन आला. तेही करून दिले. आता पाठीसाठी नवा पत्रा काखेत मारून हजर. उद्या सकाळी नदी ओलांडून पलीकडच्या फौजेवर जायचं होतं, आणि हा गडी आपली माणसं खाली वाळूत सोडून डोंगर चढून आला होता.

"शत्रू कुठे असतो रे?" अजरांनी विचारलं.

"समोर."

"मग पाठीमागे कोण?"

"माझी माणसं."

"ती मारतात तुला?"

"काहीतरीच काय, आचार्य! माझ्या गावची माणसं आहेत ती."

"मग हा पत्रा घरी ने. भाताच्या हंड्यावर झाकायला होईल."

केबो जागचा हलला नाही.

अजरांच्या हातांना खाज सुटली होती. कच्ची अळकुडी खाजतेच, त्यात हा समोर. त्यांनी मनगट दगडावर घासलं.

"तुझ्या लगेच मागे कोण असतो?"

"जलू."

"कुणाचा?"

"तंबकचा मुलगा..."

"घंटावाला तंबक?"

"हो."

अजरांनी सोलायचं थांबवलं. केबो जमिनीकडे बघत होता.

"हे छातीवरचं कांसं कुठून आणलंस?"

"मंत्र कोरलात तेव्हा नाही विचारलंत तुम्ही."

"आता विचारतोय."

केबोने पत्रा या काखेतून त्या काखेत घेतला.

"केबो."

"गावच्या घंटेचं आहे."

त्या गावाची घंटा म्हणजे एक मोठा थाळा होता. लाकडी दांडक्याने वाजवायचा. लग्न असो, आग लागो, कुणी जावो, टोल पडला की गाव गोळा व्हायचं. लढाईत तो थाळा खांद्यावर टाकून तंबक मागे उभा राहायचा. भराभर टोल पडले की पुढे जायचं, थांबून थांबून पडले की टोलाच्या दिशेने माघारी यायचं. ही घंटा या गृहस्थाने वितळवली आणि अंगावर घातली. मला तर हे सांगतानाही चीड येते.

"मी ओरडलो होतो, आचार्य!" केबो एकदम म्हणाला. "मागच्या लढाईत घसा फुटेस्तोवर ओरडलो, माघारी फिरा म्हणून!"

"माहीत आहे. मी इथून बघत होतो. नदीला पाणी होतं, खळाळही मोठा होता."

"पुढे गेलेल्यांना ऐकूच गेलं नाही."

"आणि तंबक?"

"तोही त्यांच्यातच होता. वाजवायला काही नव्हतं ना त्याच्याकडे... म्हणून भाला घेऊन पुढे गेला."

"आला नाही?"

"नाही."

"तुला काय लागलं?"

"काही नाही. एक ओरखडासुद्धा नाही."

हे सांगताना त्याचा हात छातीवरच्या पत्र्याकडे गेला. अजरांनी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"तेव्हापासून जलू माझ्याशी बोलत नाही," केबो म्हणाला. "कुणीच बोलत नाही. सांगितलेलं काम करतात. माझ्या मागे येऊन उभे राहतात... उद्या नदीत उतरलो, कमरेइतक्या पाण्यात, आणि मागून कुणी..."

एवढा धिप्पाड माणूस, पण पाठीचा पत्रा त्याने पोटाशी कवटाळला. घाबरला होता बिचारा. दया यावी असाच दिसत होता, पण अजरांना त्या घटकेला दया येत नव्हती.

"तू बोललास त्यांच्याशी?"

"मी? काय बोलणार? सरदार आहे मी त्यांचा."

"हो का!"

"तुम्ही फक्त मंत्र द्या, आचार्य. तुमच्या पाया पडतो. उजेड आहे तोवर कोरून होईल."

अजरांनी हातातली अळकुडी टोपलीत आपटली.

"काढ ते."

"काय?"

"अंगावरचं. काढ."

"पण..."

"मंत्र हवाय ना? मग काढ!"

केबोने वाद्या सोडल्या. अजरांनी पत्रा उचलला, झऱ्यावरच्या झाडाच्या फांदीला टांगला, आत जाऊन भात कांडायचं मुसळ आणलं आणि त्याच्या हातात दिलं.

"मार."

"यावर? मंत्र आहे त्याच्यावर..."

"मीच कोरलाय. मार. परतीचा टोल."

"आचार्य, पण कशाला..."

"अरे, किती प्रश्न! आयुष्य गेलं माझं तुझ्या प्रश्नांत. मार म्हणतो ना!"

केबोने मारलं.

नाद कसला, फुटक्या हंड्यावर पळी आपटावी तसा आवाज झाला. तरी मोठा होता. दरीत उतरला आणि पाण्यावरून परत आला.

"थांबून थांबून मार. विसरलास?"

विसरला नव्हता. थांबून थांबून मारू लागला. झाडाकडे तोंड, उघडी पाठ उताराकडे. मारता मारता त्याला रडू यायला लागलं, पण थांबायची सोय नव्हती, म्हातारा बघत होता.

खाली वाळूत माणसं चुली पेटवत होती. पहिल्या टोलाला कुणी लक्ष दिलं नाही. मग एकाने मान वर केली. मग दुसरा उभा राहिला. आवाज ओळखीचा नव्हता, टोल मात्र गावचाच होता. लहानपणापासून पायांना तेवढी एक सवय लागलेली. चुली तशाच टाकून माणसं डोंगर चढू लागली.

अजर बघत राहिले. केबोला काहीच दिसत नव्हतं. मग त्याला पावलं ऐकू आली.

मुसळ हवेतच थांबलं.

"आचार्य... कोण आलंय?"

"तू बोलावलंस ते."

"सगळे?"

"सगळे."

पावलं थांबली. झऱ्याचं पाणी तेवढं वाजत होतं.

"जलू आहे?"

"सगळ्यांच्या पुढे."

"त्याच्या हातात... भाला आहे?"

"आहे."

केबोच्या हातातून मुसळ पडलं. फांदीवरचा पत्रा काढायला तो धडपडला, पण गाठ म्हाताऱ्याने मारलेली, सुटेचना.

"द्या ना काढून!" तो रडतच कुजबुजला. "पाठ उघडी आहे माझी, आचार्य... पाठ!"

अजरांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अरे, मग वळ ना!"