लुडोचा पट आणि काकांची दोन घरं

ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची, म्हणजे गेल्या दिवाळीतली आणि शंभर टक्के खरी. मी तिथे नव्हतो, एवढंच. खेळवेड्या दिगंबरकाकांच्या कपाटात एकाच खेळापुरती जागा उरली, तेव्हा लुडोच्या पटाला रद्दीची धास्ती वाटू लागली.

“तुझी सोंगटी हरवली की चिंचोका लावतात,” व्हिडिओ गेम हिणवत म्हणाला.

“काका गुपचूप दोन घरं जास्त चालले, तर तू काय करतोस?” पटाने विचारलं.

“चालूच देत नाही.”

“मी देतो. मग काकू पकडतात आणि तासभर भांडण रंगतं. तुझ्यासमोर दोघं कधी बसलीत?”

काकांनी हे ऐकलं, लबाडी कबूल केली आणि व्हिडिओ गेम भाच्याला देऊन टाकला. पट बोलला ते खरं. काकांची कबुली मात्र मी पदरची घातली.